कुत्रा पुढे की मागे

आमच्या घरात टीव्ही नाही म्हटलं की लोकांना आम्ही फार विचारी माणसं वाटतो. तसं काही नाही. टीव्ही होता, तो बिघडला. दुरुस्तीवाल्याने दोनदा उघडून दोनदा मिटला आणि शेवटी म्हणाला, "काकू, आता नवाच घ्या." नवा घेऊ, घेऊ म्हणेपर्यंत आमच्या ह्यांनी ते यंत्र घरी आणलं आणि टीव्हीचा विषय मागे पडला तो पडलाच.

यंत्राचं खरं नाव स्टीरिओस्कोप, पण ते म्हणेपर्यंत चहा निवतो, म्हणून आमच्याकडे नुसतं 'यंत्र'. ह्यांची शाळेच्या मुलांची गाडी आहे, व्हॅन. सुट्टीत लोकांचं सामानसुमानही हलवतात. अशाच एका म्हाताऱ्या बाईंचं घर रिकामं करताना त्यांनी यंत्र आणि चित्रांची पेटी ह्यांच्या हातात ठेवली, म्हणाल्या, "घेऊन जा, तुम्ही निदान बघाल तरी." शंभरेक वर्षांची वस्तू. खाली लाकडी मूठ, वर डोळ्यांना टेकवायचं झापड, झापडात दोन भिंगं आणि पुढे पट्टीवर सरकणारी एक खाच. खाचेत पुठ्ठ्याचं कार्ड लावायचं. कार्डावर एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी, दिसायला अगदी सारखे. पण सारखे नसतात. एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या डोळ्याचा, कॅमेरा जरासा सरकवून काढलेला. दोन्ही डोळ्यांनी भिंगांतून बघितलं की दोहोंचं मिळून एकच चित्र होतं आणि ते आत खोल जातं. झाड पुढे येतं, घर मागे सरतं, मधल्या रस्त्यावरून चालत जावंसं वाटतं. एक डोळा मिटला की सगळं परत पुठ्ठ्यावर चपटं.

झालं, दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडे बैठक बसायला लागली. आधी शेजारपाजारचे, मग गाडीतल्या मुलांच्या आया. त्यांतल्या दोघी तर कधी चुकायच्या नाहीत. एक औषधांच्या दुकानवाली, तिची मुलगी ह्यांच्या गाडीत अगदी पहिली चढते, आणि दुसरी जुळ्यांची आई. चहा, बिस्किटं आणि यंत्र. नियम ह्यांनीच घातला होता. कार्ड लावलं की पहिल्यांदा ह्यांनी बघायचं आणि वर्णन सांगायचं, मग वयाप्रमाणे यंत्र फिरायचं आणि ज्याच्या हातात यंत्र त्याने पुढे काय नि मागे काय ते सांगितल्याशिवाय ते दुसऱ्याला द्यायचं नाही. माणूस घरात तोंडातून दोन शब्द काढेल तर शपथ, पण यंत्र हातात आलं की असा सुटायचा की ऐकत राहावं. बंदराच्या धक्क्याचं एक कार्ड होतं, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेला कुत्रा, त्याच्या मागे पिंपं, त्याच्याही मागे जहाजाची डोलकाठी. ते लावलं की हे म्हणायचे, "हा कुत्रा बघा. हात पुढे केलात तर त्याचं ओलं नाक लागेल बोटाला." आणि मोठमोठी माणसं खरंच हात पुढे करायची.

एकटी हात पुढे करायची नाही ती माझी नणंद. वन्सं ह्यांच्याहून पुष्कळ मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना वन्संनीच वाढवलं, शिकवलं, गाडी चालवायचा परवाना मिळाला तेव्हा पहिल्या फेरीला शेजारी त्याच बसल्या होत्या. आमच्याकडेच राहतात. आमचं दोघींचं कधी पटलं नाही हे सांगून टाकते, उगाच साखरपेरणी नको. मी भाजीत मीठ घातलं की त्यांना कमी आणि त्यांनी घातलं की मला जास्त, असं इतकी वर्षं चाललंय. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात तर पार पिकलेला, त्यामुळे यंत्रातून त्यांना काही पुढेमागे दिसायचं नाही. "तुमचं आपलं काहीतरी," म्हणायच्या आणि यंत्र माझ्याकडे सारायच्या. ऑपरेशनला किती वर्षं घाबरत होत्या. डोळ्याला सुई लागणार म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडायचे. शेवटी ह्यांनी समजूत घालून घालून ह्या वर्षी तयार केलं. उजवा डोळा छान बरा झाला. मग बाईंचा रुबाब काय विचारता. समोरच्या गच्चीवर कोणाचे कपडे वाळताहेत ते सांगायच्या, माझ्या स्वयंपाकघरातली जळमटं दाखवायच्या. दुसऱ्या डोळ्याची तारीखही स्वतःच ठरवून आल्या.

त्याच आठवड्यात पेटीवर छताचं पाणी गळलं आणि काही कार्डांवरचे फोटो सुटून आले. मी घरी पुस्तकबांधणीचं काम करते, शाळेची, वाचनालयाची पुस्तकं येतात. तेव्हा फोटो सोडवायचे, दाबून वाळवायचे, खळ लावून परत बसवायचे, हे माझ्या हातचं काम. एकच काळजी घ्यायची, डावा फोटो डावीकडे आणि उजवा उजवीकडे. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पाठीमागे पेन्सिलीने खूण करायची. बाकीच्यांवर मी केली. कुत्र्याच्या कार्डाची पाळी आली तेव्हा वन्सं येऊन म्हणाल्या की खळीचं भांडं मी भाजीच्या भांड्यांत घासते. मग जे व्हायचं ते झालं, दोघींचे आवाज चढले, आणि खूण राहून गेली.

रविवारी वन्सं ठेवणीतली साडी नेसून बसल्या. नव्या डोळ्याने पहिल्यांदा बघायचं होतं. म्हणाल्या, "मला तो कुत्रा आधी दाखवा. इतकी वर्षं ऐकतेय त्याच्या नाकाचं." ह्यांनी कार्ड लावलं, यंत्र डोळ्यांना धरलं आणि नेहमीसारखं सुरू केलं, कुत्रा कसा अगदी पुढे, पिंपं त्याच्यामागे, डोलकाठी पार लांब धुक्यात. मग यंत्र वन्संकडे.

वन्संनी बघितलं. बराच वेळ बघितलं. झापड डोळ्यांवरून काढलं, पुसलं, परत लावलं.

"कुत्रा पुढे कुठाय?" त्या म्हणाल्या. "तो तर पार आत बसलाय. भिंतीला भोक पाडून त्यात बसवल्यासारखा. आणि ती डोलकाठी माझ्या नाकावर आलीय."

"नीट बघ ताई," हे म्हणाले. "कुत्रा पुढेच आहे."

"नाही रे."

औषधवाली म्हणाली, "ऑपरेशन झाल्यावर कधी कधी होतं असं. आमच्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यांना परत करावं लागलं." तिच्या मनात काही वाईट नव्हतं, बिचारीला धीरच द्यायचा होता. पण वन्संचा चेहरा उतरला. मी यंत्र त्यांच्या हातातून घेतलं नि डोळ्यांना लावलं.

वन्संना दिसत होतं तेच मलाही दिसलं. कुत्रा आत, डोलकाठी पुढे. डावा-उजवा फोटो उलटा लागला की असंच होतं, जवळचं लांब जातं आणि लांबचं अंगावर येतं. मला हसू यायला लागलं, म्हटलं, चूक माझीच, आता सांगते सगळ्यांना. तोंड उघडलंसुद्धा. आणि मग डोक्यात आलं की मला आत दिसतोय, वन्संना आत दिसतोय, तर ह्यांना कुत्रा पुढे कसा दिसला?

ह्यांनी काही बघितलंच नव्हतं. कार्ड पाठ होतं, ते म्हणून दाखवलं. दोन डोळ्यांचा माणूस हे कार्ड डोळ्याला लावून असं बोलूच शकला नसता, त्याला पहिल्या झटक्यात खटकलं असतं. आणि समोर चहाचा कप हातात घेऊन दोन आया बसल्या होत्या, ज्यांची मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या गाडीत चढणार होती.

"खळ ओली आहे अजून," मी म्हटलं आणि कार्ड खाचेतून काढून पदराखाली घेतलं. "दुसरं लावूया." बाकी कोणी ते बघितलं नाही. वन्संनी त्या संध्याकाळी परत यंत्राला हात लावला नाही.

सगळे गेल्यावर हे अंगणात गाडी धूत होते. मी बाहेर गेले आणि सरळ विचारलं, "कुठला डोळा?"

ह्यांनी बादली खाली ठेवली. "डावा."

"कधीपासून?"

"गेल्या थंडीपासून. काचबिंदू आहे म्हणे. ताईचा बिंदू वेगळा, माझा वेगळा. तिचा काढता येतो. माझ्यात नस सुकली, ती काही परत येत नाही."

मला संताप आला. थंडीपासून माणूस चहा कपाबाहेर ओततो, मी धांदरट म्हणते. थंडीपासून गाडीचा डावा आरसा दोनदा फुटला, मी म्हणते कोणीतरी आपटून गेलं असेल. आणि हे डॉक्टरकडे एकटे जाऊन आले, औषधाचे थेंब गाडीत ठेवतात, घरात कोणाला पत्ता नाही.

"मुलं बसतात त्या गाडीत," मी म्हटलं.

"म्हणून तर हळू चालवतो. उजवा एकदम धड आहे गं. मान वळवून बघतो." मग म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत चालवू दे. मग सुट्टीच लागतेय. सुट्टीत सांगतो सगळ्यांना. सकाळी गाडी काढायची नसेल तर मी करू काय?"

हे शेवटचं ते इतकं हळू बोलले की माझा राग निम्मा झाला, आणि तोच घोटाळा झाला. सांगायला हवं होतं, आज, आत्ता. पण ह्या माणसाकडे दुसरं काय आहे? मुलं 'गाडीकाका' म्हणून हाक मारतात तेव्हा त्यांची मान ताठ होते, ती मी इतकी वर्षं बघतेय. गाडीवरच्या मदतनीस बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. म्हटलं, "ठीक आहे. उद्यापासून मी बसते शेजारी. डावीकडे."

तशी मी बसले. "डावीकडे सायकल." "डावीकडे रिकामं." "डावीकडे बाई उतरतेय, थांबा." मुलांना वाटलं हा नवीन खेळ आहे, तीही मागून ओरडायला लागली, "डावीकडे कचऱ्याचा डबा, काकू." आया खूष, गाडीत आता काकूपण असतात म्हणून. जुळ्यांची आई तर खिडकीतून हात धरून म्हणाली, "तुम्ही दोघं आहात म्हणून मी निवांत कामावर जाते." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि घरी वन्सं. वन्सं भांडेनात. मी भाजीत मीठ घातलं, काही नाही. मुद्दाम जास्त घातलं, तरी काही नाही, निमूट जेवल्या. खिडकीत बसून एकदा हा डोळा झाकायच्या, एकदा तो. गच्चीवरच्या कपड्यांकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मग एक दिवस फोन करून दुसऱ्या डोळ्याची तारीख रद्द करून टाकली. म्हणाल्या, "एकाचं वाटोळं झालं तेवढं पुरे. मला मेलीला कशाला हवे होते नवे डोळे."

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं ना, की कार्ड उलटं लागलं होतं. काय सांगणार? वन्संचं डोकं सुरीसारखं चालतं. त्या लगेच विचारणार, मग त्याला कसा पुढे दिसला? आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळच्या आत औषधांच्या दुकानात बातमी.

मी आपली अक्कल चालवली. कार्ड भिजवलं, फोटो सोडवले, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे नीट बसवला, आणि यंत्र घेऊन वन्संकडे गेले. "बघा बरं वन्सं, खळ आता वाळलीय. ओली होती म्हणून तसं दिसलं असेल."

त्यांची बघायची इच्छा नव्हती. मी फारच मागे लागले म्हणून बघितलं. "पुढे आलाय कुत्रा," त्या म्हणाल्या.

"बघा. मी म्हटलं नव्हतं?"

"म्हणजे त्या दिवशी दिसलं नाही, आज दिसतंय." यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं. "येतंय आणि जातंय. हे तर त्याहून वाईट. उद्या चुलीपाशी उभी असताना गेलं म्हणजे?" आणि त्या दिवसापासून त्यांनी गॅसपाशी यायचं सोडलं, जिना उतरताना भिंत धरायला लागल्या.

मी आतापर्यंत ह्या बाईशी शेकड्यांनी भांडणं हरले आहे आणि एकदा तरी जिंकावं असं मनापासून वाटायचं. आता त्या कोपऱ्यात बसून होत्या, आणि मला ते बघवत नव्हतं. रात्रीच्या जेवणाला हे त्यांच्याकडे बघायचे आणि परत ताटात बघायचे. मी म्हटलं, "अहो, बोला आता." हे म्हणाले, "डॉक्टरांकडे नेतो तिला. डॉक्टरच सांगतील डोळा चांगला आहे. मग झालं." मी मान हलवली. मलाही तेच सोपं वाटलं.

शनिवारी शाळा नसते. हे, मी आणि वन्सं गाडीतून हॉस्पिटलात गेलो. गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली. डॉक्टरांनी वन्संना वरची अक्षरं वाचायला लावली, खालची वाचायला लावली, दिवा मारून बघितलं आणि म्हणाले, "आजी, डोळा उत्तम आहे. मला माझ्याच कामाचा अभिमान वाटतोय."

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "आपलं काम बिघडलं असं कुठला डॉक्टर सांगेल? त्याने आपलं सांगितलं, आपण ऐकलं." मग ह्यांचा दंड धरला. "मला नेऊन बसव गाडीत. आता माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही राहिला. तू बघ, मी तुझ्या डोळ्यांनी चालते."

दोघं पुढे निघाली, वन्सं त्यांच्या उजव्या हाताला. मी औषधांची पिशवी घेऊन मागे. ह्यांनी उजवीकडे बघितलं, रस्ता रिकामा. मान वळवून डावीकडेही बघितलं. पण रस्त्याच्या मध्यावर आले आणि एका उभ्या टेम्पोच्या आडून डावीकडून स्कूटर आली, जोरात. मी ओरडेपर्यंत वन्संनी ह्यांच्या शर्टाला धरून मागे खेचलं. दोघंही अडखळली. स्कूटरवाला शिव्या घालत निघून गेला. बटण तुटून रस्त्यावर उडालं, तेवढंच.

दोघं परत मागे फिरून कडेला आली. वन्संना धाप लागली होती. मी हात धरायला गेले तर त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, त्या ह्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"स्कूटर होती ना रे?" त्यांनी विचारलं. "लाल होती. होती ना? की मला उगाचच दिसली?"

मी 'होती' म्हणणार होते. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही ताई," ते म्हणाले. "मला दिसली नाही."

"दिसली नाही म्हणजे?"

"माझा डावा डोळा गेलाय. थंडीपासून काही दिसत नाही त्याने. त्या दिवशीचा कुत्राही मी बघितला नव्हता, पाठ होता म्हणून बोललो. तुझे डोळे चांगले आहेत. तुला दिसलं ते सगळं खरं आहे."

"कार्ड मी उलटं चिकटवलं होतं, वन्सं," मी म्हटलं. "मला त्याच दिवशी कळलं. कुत्रा मागेच होता."

मला वाटलं आता माझा उद्धार होणार, आणि मी तयार होते, चार चपराका मारल्या असत्या तरी घेतल्या असत्या. पण वन्सं माझ्याकडे वळल्या नाहीत. पदराने ह्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, घाम होता की काय होतं कोण जाणे. मग हात पुढे केला.

"चावी."

ह्यांनी चावी दिली. वन्संना सायकलसुद्धा येत नाही, आणि मलाही नाही. त्यांनी ती बटव्यात टाकून बटवा आवळला. "मुलांच्या आयांना फोन लाव. सगळ्यांना. इथेच."

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून ह्यांनी एकेक नंबर लावला. प्रत्येकीला तेच सांगितलं, माझा डावा डोळा गेलाय, सोमवारपासून गाडी येणार नाही, दुसरी व्यवस्था बघा. जुळ्यांची आई रडायला लागली, तिला वाटलं नुकताच काही अपघात झाला. "नाही, नाही," हे म्हणाले, "थंडीपासूनचं आहे." मी डोळ्यांनी खुणावत होते, कशाला सांगताय, कोणी विचारलंय का? पण ते प्रत्येकीला सांगत होते. औषधवालीने मात्र विचारलं. फोनमधून तिचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. "थंडीपासून? आणि माझी मुलगी रोज तुमच्या मागच्या सीटवर बसते. मी रविवारी तुमच्या घरी बसून चहा पीत होते." हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." ती अजून काय काय बोलली. हे परत म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." तिने फोन ठेवला तरी ह्यांनी तो कानाला तसाच धरून ठेवला होता. मी मेल्यासारखी उभी होते. तिला दिलेल्या चहाचा कप माझ्याच हातचा होता.

वन्सं उठल्या, ह्यांच्या उजव्या बाजूची जागा सोडून डाव्या बाजूला येऊन बसल्या आणि मांडी ह्यांच्या मांडीला टेकवली. जाणारी-येणारी माणसं आमच्याकडे बघत होती. ह्यांनी फोन खाली घेतला.

"झाले सगळे?" वन्संनी विचारलं.

"शाळा राहिलीय."

"लाव."

ह्यांनी लावला. शाळेतला फोन वाजत राहिला. शनिवार होता, ऑफिसात कोण असणार? वाजून वाजून आपोआप बंद झाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "सोमवारी सांगा ना, सकाळी."

"परत लाव," वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी परत लावला.